मधली रात्र परत द्या

जिल्हा क्रिकेट संघटनेचे मा. अध्यक्ष, सचिव आणि स्पर्धा समितीचे सर्व सभासद यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रात्री पावणेअकराला क्लबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला निरोप पडला. चारच ओळी होत्या. जिल्ह्याची दोन-दोन दिवसांच्या सामन्यांची साखळी स्पर्धा यंदापासून बंद. तिच्या जागी पांढऱ्या चेंडूवर वीस षटकांचे सामने, रंगीत पोशाख, जमल्यास दिव्यांच्या उजेडात. क्लबांनी जर्सीचा रंग आठ दिवसांत कळवावा. अर्ध्या तासात खाली अंगठ्यांची रांग लागली. एका क्लबने तर ‘आमचा भगवा-काळा’ असं लिहून रंग अडवूनही ठेवला. का, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही. सकाळी बोलू म्हणून फोन उपडा ठेवला, पण झोप काही आली नाही. सकाळी दोघा-तिघा जुन्या कप्तानांना फोन केले तर सगळ्यांचं एकच, “जाऊ दे की काका, दोन-दोन दिवस वेळ आहे कुणाला?”

तेव्हा हे जाहीरपणे लिहितोय. निर्णय जसा सगळ्यांसमोर आला, तशी त्यावरची हरकतही सगळ्यांसमोर यावी.

ओळख द्यायची तर मी खेळाडू म्हणून सांगण्यासारखा नव्हतो. दोन मोसम बारावा गडी, मग एका सामन्यात अकरावा, त्यात शून्य आणि चार. पुढे एका रविवारी स्कोअरर आलाच नाही, तेव्हा कप्तानाने वही माझ्या मांडीवर टाकली. सत्तावीस वर्षं झाली, ती तिथेच आहे. जिल्ह्यातल्या दोन दिवसांच्या बहुतेक सामन्यांच्या वह्या माझ्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, कारण संघटनेकडे कपाट नाही, आणि होतं तेव्हा त्याला कुलूप नव्हतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा मी टीव्ही सोडून आधी ट्रंक माळ्यावर चढवली. बायको हे अजून पाहुण्यांना सांगते. ट्रंकेत न मावलेल्या पाच वह्या कपाटाखाली होत्या, त्या भिजल्याच. शाईने लिहिलेले सामने वाहून गेले, पेन्सिलीचे राहिले. तेव्हापासून मी शाई सोडली.

माझा स्वार्थ काय, असं कोणी विचारील म्हणून सांगतो. वीस षटकांच्या सामन्यालाही स्कोअरर लागतोच. दिवसाला तीन सामने म्हणजे तीन सामन्यांचं मानधन. आपल्या निर्णयाने माझं नुकसान होत नाही, झाला तर थोडा फायदाच होईल. तरीही हा निर्णय मला मान्य नाही. का, ते एका पानावरून सांगतो.

पोराचं नाव लिहीत नाही. तो आता एका पतसंस्थेत नोकरीला आहे आणि त्याला हे आवडायचं नाही. तासगावकडचा, डावखुरा फिरकी गोलंदाज, वय सतरा. पहाटेच्या एसटीने यायचा, पिशवीत बूट आणि भाकरी एकत्र. समोर मिरजेचा तगडा क्लब होता. पहिल्या दिवशी त्याचा पहिला स्पेल, म्हणजे एका दमात टाकलेली षटकं, ९ षटकं, ४१ धावा, बळी नाही. एका फलंदाजाने त्याला दोनदा थेट रस्त्यावर भिरकावलं. दुसरा फिरकीवाला बोट सोलल्यामुळे बाहेर बसलेला, म्हणून कप्तानाने नाइलाजाने यालाच चालू ठेवलं. दिवसअखेर २३ षटकं, ७४ धावा, बळींच्या रकान्यात काही नाही.

संध्याकाळी सगळे किटा भरत होते आणि हा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “काका, त्यानं मला कुठला कुठला बॉल मारला ते दिसतं का हो वहीत?”

दिसतं. मी त्याला त्याच्या ओळीतल्या चौकटी दाखवल्या. एका चौकटीत एक षटक, त्यात सहा खुणा. आम्ही दोघांनी मिळून नुसत्या पहिल्या खुणा वाचत नेल्या. चार, दोन, सहा, टिंब (म्हणजे धाव नाही), चार, एक, चार. तेवीसपैकी सोळा षटकांत पहिल्याच चेंडूवर धावा गेल्या होत्या. नंतरचे पाच चेंडू बरे पडायचे. पोरगं षटकाचा पहिला चेंडू हात बसायच्या आत टाकत होतं, तो आखूड पडायचा आणि समोरच्याला ते कळलं होतं. याला नव्हतं कळलं. मलाही, खरं सांगायचं तर, लिहिताना कळलं नव्हतं. पान समोर ठेवून दोघं बसलो तेव्हा कळलं.

त्या रात्री तो गावी गेला नाही, मावशीकडे राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटमध्ये त्याने एकच गोष्ट केली. रनअप मोजायचा, थांबायचं, एक चेंडू टाकायचा, परत जायचं. पुन्हा मोजायचा, पुन्हा एकच. दुपारी त्यांचा दुसरा डाव सुरू झाला. १७ षटकं, ६ निर्धाव, ३१ धावा, ५ बळी. कालचा तो फलंदाज त्रिफळाचीत झाला, तोही षटकाच्या पहिल्या चेंडूवर. सामना आम्ही पहिल्या डावाच्या पिछाडीवर हरलोच, कारण सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावात पुढे असलेला संघ जिंकतो. पण बळीशिवाय ७४ आणि ३१ला पाच या दोन नोंदींच्या मध्ये जे घडलं त्याला वहीत रकाना नाही. मध्ये एक रात्र होती, एवढंच.

आपण जी स्पर्धा सुरू करताय त्यात या पोराला चार षटकं मिळाली असती. चोवीस चेंडू, चाळीस धावा, बळी नाही आणि संध्याकाळची एसटी. पुढच्या सामन्यात त्याच्या जागी दुसरा. आपण दोन दिवसांमधला एक दिवस काढला असं आपल्याला वाटतंय, पण गेली आहे ती मधली रात्र.

आता आपल्या सांगलीच्या मोठ्या माणसाकडे येतो. विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५. आपण दर कार्यक्रमात त्यांच्या फोटोला हार घालतो. ३० कसोटी सामने, २,१९२ धावा, ७ शतकं. १९४८मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर एकाच कसोटीत ११६ आणि १४५. १९५२मध्ये मद्रासला भारताने पहिलावहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कप्तान हेच. हे सगळं भाषणांत येतं. येत नाही ते १९४३-४४च्या पंचरंगी स्पर्धेचं, म्हणजे धर्मानुसार पाडलेल्या पाच संघांच्या जुन्या स्पर्धेचं. अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ केल्या, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. हजाऱ्यांचा शेष, म्हणजे ‘इतर’ धर्मीयांचा, संघ १३३ला गुंडाळला गेला. फॉलोऑन, म्हणजे लागलीच पुन्हा फलंदाजी. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ झाल्या आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटे भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, त्यात विवेकच्या धावा २१. मी कितीदा तरी ते पान डोळ्यांसमोर आणून बघतो. एका ओळीत आकडे चौकटीबाहेर सांडतायत आणि खालच्या ओळीत टिंब, टिंब, टिंब. धाकट्याने टिंबं लावली म्हणून थोरल्याच्या ३०९ झाल्या. सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला तो गेलाच. पण दुसरा डाव नसता तर १३३वर विषय मिटला असता आणि आज आपण हार घालतो तो फोटो बहुधा दुसऱ्या कोणाचा असता.

गंमत बघा. मर्चंटांच्या नावाने सोळा वर्षांखालच्या मुलांची तीन दिवसांची लाल चेंडूची स्पर्धा चालते. आणि आयुष्यभर लाल चेंडू खेळलेल्या आमच्या हजाऱ्यांच्या नावाचा करंडक मात्र पन्नास षटकांचा, पांढऱ्या चेंडूचा. प्रा. दि. ब. देवधरांचंही तेच झालं. त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक आणला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढलेला हा माणूस, आणि नाव दिलं एकदिवसीय स्पर्धेला. दिल्ली-मुंबईच्या लोकांनी काय नावं द्यावीत ते आपल्या हातात नाही. पण निदान हजाऱ्यांच्या गावात तरी त्यांचा खेळ बंद होऊ नये.

१९४०-४१नंतर महाराष्ट्राने अंतिम सामने खेळले, करंडक आला नाही. २०१३-१४मध्ये वानखेडेवर मुंबईला हरवून आलेला संघ हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटककडून हरला. केदार जाधवने त्या मोसमात १,२२३ धावा काढल्या होत्या. मी ते पाच दिवस दुपारचं जेवण टीव्हीसमोर केलं आणि शेवटच्या दिवशी जेवलोच नाही.

पण माझ्यासारख्या वहीवाल्याला विचाराल तर आमचा मोसम १९४८-४९चा. डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. कोल्हापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचे. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला, ४५२ला, नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या कप्तानाने सामना सोडून दिला. आणखी धावा होऊ द्यायच्या नव्हत्या. महाराष्ट्राच्या तेव्हा ४ बाद ८२६ झाल्या होत्या. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. त्याच मोसमात पुण्यातच मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. बेरीज २,३७६. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा त्याआधी झाल्या नव्हत्या आणि आजवर पुन्हा झालेल्या नाहीत. महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला, पण चौथ्या डावात ६०४ काढून हरला. त्या सामन्याच्या स्कोअररची बोटं कशी झाली असतील, या विचाराने मला अजूनही हसू येतं.

जुनं राहू द्या, असं आपण म्हणाल. मग २०२४-२५चा रणजी मोसम घ्या. केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेलं ते कसं? उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरच्या २८० आणि केरळच्या २८१. पहिल्या डावाची आघाडी एका धावेची, सामना अनिर्णित, केरळ पुढे. उपांत्य सामन्यात अहमदाबादला केरळ ४५७. गुजरातला आघाडीसाठी तीन धावा हव्या असताना नागवासवालाने जोरात फटका मारला, चेंडू जवळ उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. गुजरात ४५५. दोन धावांची आघाडी. पाच-पाच दिवस खेळायचं आणि एका लेगबायवर (चेंडू पायाला लागून मिळालेल्या धावेवर) एक वर्ष अडकायचं. स्कोअररच्या पोटात गोळा येतो तो इथे.

तो शेवटचा चेंडू टाकणारा आदित्य सरवटे मूळ नागपूरचा. आणि अंतिम सामनाही नागपूरलाच झाला. विदर्भ ३७९, केरळ ३४२, आघाडीवर विदर्भ विजेता. त्याच विदर्भाच्या हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. डावखुरा फिरकी गोलंदाज. तासगावकडच्या आमच्या पोराच्या जातीचाच, जात म्हणजे गोलंदाजीची. चार-चार षटकं टाकत ६९ बळी घेणारा कसा घडतो ते मला कोणी समजावून सांगावं. विदर्भ आमच्या लहानपणी कोणाच्या खिजगणतीत नव्हता. २०१७-१८ला पहिला करंडक, लगेच पुढच्या वर्षी दुसरा, आता तिसरा. राज्य तेच, भाषा तीच. नागपूरचं ऊन तर आपल्यापेक्षा कडक.

आता आपण तोंडी दिलेल्या कारणांकडे वळतो. निरोपात ती नव्हती, पण चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत आहेत.

चेंडूचा खर्च परवडत नाही, हे पहिलं. मी हिशेब केला. दोन दिवसांच्या सामन्याला डावाला एक याप्रमाणे जास्तीत जास्त चार चेंडू. तेवढ्याच दोन दिवसांत आपण वीस षटकांचे सहा सामने घेणार, डावाला एक धरला तरी बारा चेंडू. त्यात पांढरा चेंडू आपल्या मैदानाच्या काळ्या मातीत दहाव्या षटकाला गव्हाळ होतो, म्हणजे बदलावा लागणार. शिवाय दिवे, जनरेटर आणि जर्सी. खर्चाचं कारण कृपया पुन्हा सांगू नये.

मैदान मिळत नाही, हे मात्र खरं आहे आणि त्याचा त्रास आपल्यालाही होतो हे मी पाहिलंय. सभा, प्रदर्शन, आतषबाजी, सगळं त्याच मैदानावर. दोन वर्षांपूर्वी ऐन नोव्हेंबरात मांडवाचा खांब थेट गुडलेंथवर, म्हणजे चांगल्या चेंडूचा टप्पा पडतो तिथेच, रोवला होता. खड्डा बुजवला, पण पुढचे दोन महिने तिथे पडलेला चेंडू एकतर घोट्यात शिरायचा, नाहीतर कानाशी यायचा. पण यावर उपाय मैदानवाल्यांशी भांडण्याचा. सामने कमी करण्याने मैदान मोकळं होत नाही, त्याची मोकळी तारीख मांडववाले घेतात. आणि विकेट, म्हणजे खेळपट्टी, सांभाळणाऱ्या मामांचं काय? पाणी कधी मारायचं, रोलर पहाटे दवावर किती फिरवायचा, गवत कुठवर ठेवायचं, हे त्यांना हाताने कळतं. त्यांना आपण मोसमापुरता रोजगार देता. उरलेले महिने ते दुसरीकडे पाणी मारतात. ते गेले की ती विकेट गेली. रोज तीन सामने एकाच पट्टीवर घेतले तर त्याआधीच जाईल.

जाता जाता एक गोष्ट. आमच्या वेळी मॅटवर खेळायचे, मुरमावर काथ्याची मॅट खिळे ठोकून ताणायची. ‘टर्फ’ म्हणजे खरी मातीची विकेट, ती मिळाली की पोरं आदल्या रात्री बूट पॉलिश करायची. परवा पुतण्याला विचारलं, “टर्फवर खेळलास का कधी?” तो म्हणाला, “रोज जातो की, रात्री दहा ते अकरा.” त्याचं टर्फ म्हणजे जाळीतलं हिरवं प्लास्टिक, तासाच्या भाड्याने. मी पुढे काही बोललो नाही.

क्लब वॉकओव्हर देतात, हे तिसरं कारण. यात दोष आमचा आहे. दुसऱ्या दिवशी सात जण येतात, कोणाची कुपवाडला एमआयडीसीत शिफ्ट, कोणाची परीक्षा, कोणाच्या घरी द्राक्षाची छाटणी. मी स्वतः दोनदा अकराच्या जागी आठ नावं लिहिली आहेत. पण याला तोड आहे. पहिला दिवस या रविवारी, दुसरा पुढच्या रविवारी. ऑस्ट्रेलियात क्लबांचे दोन दिवसांचे सामने असेच लागोपाठच्या दोन शनिवारी होतात, तिथेही लोक नोकरी करतात. मग मधली रात्र एकाच्या जागी सात रात्रींची होईल. पोरांना विचार करायला जास्तच वेळ मिळेल.

प्रेक्षक येत नाहीत, म्हणून प्रायोजक मिळत नाही. खरंय. आमच्या सामन्याला एक निवृत्त मास्तर, दोन रिक्षावाले आणि सावलीला झोपलेलं कुत्रं, एवढी गर्दी. पण गर्दीचंही एक सांगतो. २०२५च्या जानेवारीत विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला तेव्हा गेटबाहेर रांगा लागल्या. रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा सहा धावांवर ऑफ स्टंप उडवला आणि थोड्या वेळात खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. रणजीची ही कथा, तर आपल्या साखळीला गर्दी कुठून येणार? शाळेत पाढे म्हणताना कोण बघायला येतं? तरी शाळा चालवतोच ना आपण.

एक गोष्ट आपल्या बोलण्यात कधी येत नाही, ती निवड. दोन दिवसांचे सामने गेले की पोरं निवडायची कशावरून? नेटवरून. शंभर-दीडशे पोरं, छातीवर खडूने नंबर, प्रत्येकाला सहा-आठ चेंडू, “नेक्स्ट”. मी अशा चाचणीला बसलो आहे. आटपाडीहून चार वाजता निघालेल्या पोराला साडेअकराला सहा चेंडू मिळाले, त्यातले दोन वाइड. त्याने काय दाखवायचं? आणि राज्याकडून खेळायचं तर पुढे लाल चेंडूच आहे. सोळा वर्षांखालची विजय मर्चंट, एकोणीस वर्षांखालची कूचबिहार, तेवीस वर्षांखालची कर्नल सी. के. नायडू, मग रणजी. तीन-तीन, चार-चार दिवस. आपण पोरांना वीस षटकं शिकवून त्या दारात उभं करणार, आणि ती परत आली की म्हणणार, ‘आपल्याकडे टॅलेंटच नाही.’

मुलींचं तर विचारूच नये. स्मृती मानधना माधवनगरची. २०२४मध्ये चेन्नईच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४९ काढल्या, शफाली वर्माबरोबर पहिल्या विकेटसाठी २९२. हा लाल चेंडूचाच पराक्रम. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची विभागीय तीन दिवसांची स्पर्धा काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा झाली. आपल्या जिल्ह्यात मुलींचा दोन दिवसांचा एकही सामना माझ्या ट्रंकेत नाही. सत्तावीस वर्षांत एकही नाही. स्मृतीचा फ्लेक्स मात्र आपण सगळ्यात आधी लावला होता.

मागण्या लिहितो. अवघड काही नाही.

दोन दिवसांची साखळी याच मोसमात परत सुरू करा. सगळ्या क्लबांची जमत नसेल तर वरच्या गटाची आणि सोळा व एकोणीस वर्षांखालच्या मुलांची तरी. लागोपाठचे दोन रविवार चालतील. वीस षटकांची स्पर्धाही घ्या, माझी हरकत नाही. ती मार्चनंतर संध्याकाळी घ्या, रंग भगवा-काळा असला तरी चालेल.

मुलींचे दोन दिवसांचे किमान दोन सामने यंदा व्हावेत. संघ पुरे पडत नसतील तर सातारा, कोल्हापूरला विचारा, ते येतील.

निवड सामन्यांवरून करा. त्यासाठी वह्या लागल्या तर माझ्याकडे आहेत, मागेल त्याला दाखवीन, पैसे नकोत.

विकेटवाल्या मामांना बारा महिने पगार द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदान मांडवाला द्यायचं नाही असं मैदानवाल्यांकडून लेखी घ्या. त्या अर्जावर सह्या गोळा करायचं काम मी करतो.

आणि राज्य संघटनेकडे तेवीस वर्षांखालचा निदान एक चार दिवसांचा सामना सांगलीसाठी मागा. सोलापूरला २०२४च्या जानेवारीत रणजीचा सामना झाला. नाशिकलाही सामने होतात. आपण मागितलाय का, एवढं तरी जाहीर सांगा. मागून मिळाला नसेल तर आम्ही तुमच्या मागे उभे राहू. मागितलाच नसेल, तर तेही कळू द्या.

स्कोअरर आणि पंचांच्या मानधनाबद्दल लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण पंचांचं तरी वाढवा. दोन दिवस उन्हात उभं राहून त्यांना जे मिळतं त्यात गाडीचं पेट्रोलही सुटत नाही.

यातलं काही रागाने लिहिलं गेलं असेल तर माफी असावी. आपल्यातल्या तिघांचे पहिले सामने मी लिहिले आहेत आणि एकाचं पहिलं शतकही. तेही दुसऱ्या डावातलं होतं. पहिल्या डावात तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता. त्याला आठवत असेल.

वार्षिक सभेला मी मतदार नाही, पण व्हरांड्यात बसायला मनाई नसावी. ट्रंक घेऊन येतो. रिक्षात मावते. ज्याला आपलं पान बघायचं असेल त्याने हात पुसून बघावं. भिजलेल्या पाच वह्यांची पानं अजून चिकटतात, ती तेवढी मी स्वतः उलटून दाखवीन.

आपला,
एक स्कोअरर
गावभाग, सांगली